आधी रक्त तपासा, मग पळवा

पहाटे पाच वाजता अहमदपूरच्या बाहेर नांदेड रस्त्यावर उभं राहिलात, तर अंधारातून आधी बुटांचा आवाज येतो आणि मग पोरं दिसतात. दहा-पंधरा मुलं, मागे सात-आठ मुली, सगळ्यात मागे मोटरसायकलवर शिट्टी घेऊन सर. आमच्याकडं ह्याला 'भरतीची तयारी' म्हणतात. सोयाबीनला भाव नाही, एमआयडीसीत काम नाही, शिक्षक भरतीचा भरवसा नाही. उरतं ते पोलीस भरतीचं ग्राउंड. म्हणून लातूर-नांदेडच्या प्रत्येक तालुक्याला एक तरी अकॅडमी आहे, आणि प्रत्येक अकॅडमीच्या भिंतीवर एक वाक्य वेगवेगळ्या शब्दांत रंगवलेलं आहे: घाम गाळा, यश मिळवा.

माझी तक्रार घामाबद्दल नाही, रक्ताबद्दल आहे. आणि ती करायचा मला थोडा हक्क आहे. मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या दंडाला पट्टी बांधतो, सुई टोचतो, नळी मशीनला लावतो आणि आकडे छापतो. आणि तरीही माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीचं रक्त तपासायचं मला वर्षभर सुचलं नाही.

ती बारावी झाली आणि अकॅडमीत गेली. आप्पांनी फी भरायला तुरीचे पैसे मोडले. सकाळी पाच किलोमीटर, संध्याकाळी ग्राउंड. सुरुवातीला ८०० मीटरला तिला ३ मिनिटं २२ सेकंद लागायचे. सहा महिन्यांच्या सरावानंतर वेळ कमी व्हायला हवा होता, तो ३ मिनिटं ३५ सेकंदांवर गेला. सर ओरडायचे, "पळायलीस का फिरायलीस?" शिक्षा म्हणून आणखी दोन राउंड. घरी आली की जिन्यावर बसायची. आई म्हणायची, मोबाईल बघून झोप होत नाही. सर म्हणायचे, पळून पळून रक्त वाढतं, कळ काढ. आणि मी, घरातला शिकलेला, म्हणायचो की मनानं कमी पडतेस.

ती डब्यातले कच्चे तांदूळ मूठ-मूठ खायची. आई त्यावरून रोज बोलायची. लॅबमध्ये काम करणाऱ्या माणसाला तेवढ्यावरूनच कळायला हवं होतं. कच्चे तांदूळ, खडू, माती, बर्फ खावासा वाटणं हे शरीरात लोह कमी असल्याचं जुनं, ओळखीचं लक्षण आहे. मला कळलं नाही. ग्राउंडला तिला ५० पैकी २३ गुण पडले. लेखीला जायला किमान २५ लागतात. दोन गुण. त्यानंतर पंधरा दिवसांनी, ती ताप म्हणून झोपली तेव्हा, मी तिचं रक्त काढलं. हिमोग्लोबिन ८.६.

हा आकडा काय सांगतो ते आधी समजून घ्या, म्हणजे मी का चिडलोय ते कळेल.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मापानं गरोदर नसलेल्या प्रौढ बाईचं हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली आणि पुरुषाचं १३ च्या खाली असेल, तर तो रक्तक्षय. एक ग्रॅम हिमोग्लोबिन साधारण १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन वाहून नेतं. म्हणजे हिमोग्लोबिन १२.५ असलेल्या मुलीच्या दर १०० मिलिलिटर रक्तात पावणेसतरा मिलिलिटर ऑक्सिजन मावतो, आणि माझ्या बहिणीच्या रक्तात साडेअकरा. जवळपास एक तृतीयांश कमी. दोघी एकाच रेषेवर उभ्या राहिल्या, एकाच शिट्टीवर सुटल्या, एकाच घड्याळावर मोजल्या गेल्या. महिलांना ८०० मीटरला पूर्ण २० गुण हवे असतील तर २ मिनिटं ५० सेकंदांच्या आत यावं लागतं. एक पूर्ण टाकी घेऊन पळत होती, दुसरी दोन तृतीयांश. दुसरीला आपण आळशी म्हणालो.

ही एकटी माझी बहीण असती तर मी लेख लिहिला नसता. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायका-मुलींना रक्तक्षय आढळला. त्याआधीच्या सर्वेक्षणात हा आकडा ४८ होता. म्हणजे तो वाढलाय. पुरुषांतही दर पाचांत एकाला रक्तक्षय आहे. आता पुन्हा नांदेड रस्त्यावर या आणि त्या सात-आठ मुली मोजा. त्यातल्या निम्म्या रिकाम्या टाकीवर पळत असतील, आणि त्या नेमक्या कोणत्या, हे मोटरसायकलवरच्या सरांना माहीत नाही, त्यांच्या आईबापांना माहीत नाही, आणि त्यांना स्वतःलाही नाही.

'पळून रक्त वाढतं' हे अर्धं खरं आहे

अर्धं खरं असलेलं वाक्य पूर्ण खोट्यापेक्षा जास्त घात करतं, म्हणून त्याचा खरा अर्धा भाग आधी मान्य करतो.

आपलं रक्त हाडांच्या आतल्या मज्जेत, म्हणजे बोन मॅरोमध्ये तयार होतं. तिथं मूळ पेशी असतात, ज्यांना आपण रील्समध्ये 'स्टेम सेल' म्हणून ऐकतो. कॅनडातल्या टिल आणि मॅककलक ह्या दोघांनी १९६१ मध्ये उंदरांवर प्रयोग करून त्यांच्या अस्तित्वाचा पक्का पुरावा दिला. ह्या पेशींपासून लाल पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट्स सगळं बनतं. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, त्यामुळं मज्जेला दर सेकंदाला वीस लाखांहून जास्त नव्या लाल पेशी कराव्या लागतात. हा कारखाना रात्रपाळीलाही बंद होत नाही.

व्यायाम ह्या कारखान्याशी बोलतो, हे खरंच आहे. पण कोणता व्यायाम काय बोलतो, ते वेगळं आहे.

लांब, संथ पळणं सुरू केलं की पहिल्या काही दिवसांत रक्तातलं पाणी वाढतं. रक्त पातळ होतं, हृदयाला ढकलायला सोपं जातं. अशा वेळी तपासणी केली तर हिमोग्लोबिन थोडं कमी दिसतं, पण तो आजार नसतो. पुढच्या काही आठवड्यांत मूत्रपिंडातून एरिथ्रोपॉयटिन नावाचं संप्रेरक मज्जेला निरोप देतं की लाल पेशी वाढवा. चांगल्या धावपटूच्या अंगात एकूण लाल पेशी जास्त असतात, त्या ह्याच मार्गानं. हेच संप्रेरक बाहेरून टोचून सायकलपटू शर्यती जिंकायचे. लान्स आर्मस्ट्राँगवर २०१२ मध्ये आजन्म बंदी आली, तेव्हाच्या आरोपांत हे औषध होतंच.

इंटरव्हल, म्हणजे जीव तोडून पळायचं, थांबायचं, पुन्हा पळायचं. ह्यात अॅड्रेनालिन उसळतं आणि पांढऱ्या पेशींबरोबर काही मूळ पेशीही थोड्या वेळासाठी रक्तात येतात. व्यायाम संपल्यावर त्यांची संख्या लवकरच पुन्हा खाली येते. 'अमुक वर्कआउट करा, स्टेम सेल इतके पट वाढवा' असं सांगणारे लोक हा थोड्या वेळाचा फेरफटका कायमची वाढ म्हणून विकतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार आपल्याकडं रक्ताच्या काही आजारांवरचं मूळ पेशींचं प्रत्यारोपण सोडलं तर स्टेम सेलचे बाकीचे उपचार अजून प्रयोगाच्या पायरीवर आहेत, हेही त्या रील्सखाली कुणी लिहीत नाही.

वजन उचलण्याचा रक्तावर परिणाम कमीच. तो बोलतो स्नायूंच्या मूळ पेशींशी. स्नायूच्या तंतूला चिकटून बसलेल्या ह्या पेशी अलेक्झांडर मॉरो यांनी १९६१ मध्येच सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. वजनाचा व्यायाम केला की त्या जाग्या होतात आणि स्नायू दुरुस्त करतात. गोळाफेकीला ह्याचा उपयोग आहे, हिमोग्लोबिनला नाही.

गेल्या काही वर्षांत उंदरांवर आणखी सुंदर गोष्टी दिसल्यात. २०१९ मध्ये 'नेचर मेडिसिन'मध्ये आलेल्या संशोधनात चाकावर आपल्या मर्जीनं पळणाऱ्या उंदरांच्या मज्जेतल्या मूळ पेशी शांत राहिल्या, दाह वाढवणाऱ्या पांढऱ्या पेशी कमी झाल्या आणि संसर्गाशी लढायची ताकद मात्र टिकून राहिली. २०२१ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या अभ्यासात असं दिसलं की चालण्या-पळण्याचा दाब हाडांतल्या रक्तवाहिन्यांजवळच्या काही खास पेशींना कळतो, आणि त्यातून हाड आणि प्रतिकारशक्तीच्या पेशी दोन्हींना बळ मिळतं. हे सगळं उंदरांत. पण दिशा चांगली आहे, आणि मी व्यायामाचा शत्रू नाही. स्वतः रोज चालतो.

आता खोटा अर्धा भाग. कारखान्याला निरोप जातो, बॉयलर पेटतो, मजूर हजर असतात. पण ऊसच आला नाही तर साखर कशाची होणार? हिमोग्लोबिनचा ऊस म्हणजे लोह. सोबत बी-१२ आणि फोलेट. शरीरात मिळून तीन-चार ग्रॅम लोह असतं. मज्जेला रोज वीस-पंचवीस मिलिग्रॅम लागतं, त्यातलं बहुतेक जुन्या पेशी मोडून परत मिळतं, आणि जेवणातून दिवसाला जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम आत शोषलं जातं. एका पाळीत तीस-चाळीस मिलिलिटर रक्त गेलं तरी पंधरा-वीस मिलिग्रॅम लोह जातं. ज्या मुलीची पाळी जास्त जाते, तिचा हिशोब दर महिन्याला तोट्यात.

आणि पळणं हा तोटा वाढवतं, हे अकॅडमीत कुणी सांगत नाही. कडक रस्त्यावर टाच आपटून तळपायात काही लाल पेशी फुटतात. १८८१ मध्ये फ्लायशर नावाच्या जर्मन डॉक्टरनं कूच करून आलेल्या एका सैनिकाची लघवी काळपट होते हे नोंदवलं, तेव्हापासून हे माहीत आहे. घामातून, आतड्यातून थोडं लोह जातं. शिवाय जोरदार व्यायामानंतर तीन ते सहा तासांनी यकृतातून हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढतं आणि आतड्याचं लोह घेण्याचं दार अर्धवट लावून टाकतं. म्हणजे आधीच लोह कमी असलेल्या मुलीला तुम्ही 'रक्त वाढावं' म्हणून दोन राउंड जास्त पळवता, तेव्हा तिचा खर्च वाढवता आणि आवक बंद करता. वर जेवणासोबत चहा. चहातली द्रव्यं उरलंसुरलं लोह अडवतात.

घरचे उपायही बघून घ्या. बीट लाल आहे म्हणून त्यानं रक्त वाढत नाही, त्यात लोह फारच थोडं असतं. गूळ-शेंगदाणे चांगलेच, भाकरीसोबत रोज खा, पण ८.६ चं १२ त्यानं होत नाही. ज्याला खड्डा पडलाय त्याला डॉक्टरच्या सल्ल्यानं गोळ्या लागतात, महिनोन् महिने लागतात, आणि खड्डा लोहाचा आहे की बी-१२ चा की आणखी कशाचा, हे आधी बघावं लागतं.

'आमच्या वेळी कुणी तपासत नव्हतं'

मी हे बोललो की तीन उत्तरं येतात.

पहिलं: अविनाश साबळे बघा. बीडच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा, आपल्यासारखाच कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा. २०२४ मध्ये पॅरिसला ३००० मीटर स्टीपलचेस ८ मिनिटं ९.९१ सेकंदांत पळाला. तो काय रक्त तपासून पळाला का? अहो, तोच तर दाखला आहे. तो मांडव्यातून थेट पॅरिसला गेला नाही. मधे सैन्य आलं. सैन्यानं त्याला पोटभर जेवण, डॉक्टर, प्रशिक्षक आणि पळायला वेळ दिला, पुढं उंचावरच्या ठिकाणी सरावाला जायला मिळालं. त्या दर्जाच्या खेळाडूचं रक्त नियमित तपासलं जातं. आपण त्याचं नाव भिंतीवर रंगवतो आणि त्याला जे मिळालं ते मात्र मुलांना देत नाही.

दुसरं उत्तर: पोलिसाची नोकरी आहे, कस लागलाच पाहिजे. लागू द्या. पण कस कशाचा? जून २०१४ मध्ये मुंबईत भर उन्हाळ्यात पोलीस भरतीची पाच किलोमीटरची धाव घेतली, काही तरुण कोसळून मेले. त्यानंतर नियम बदलले, आज पुरुषांना १६०० मीटर आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये झारखंडमध्ये उत्पादन शुल्क शिपाई भरतीत दहा किलोमीटर पळवताना दहापेक्षा जास्त उमेदवार गेले. दर वेळी तेच: आधी मरण, मग चौकशी, मग परिपत्रक. अमेरिकेच्या सैन्यानं दुसरा रस्ता धरला. सिकलसेलचा वाहक असलेल्या सैनिकांना जास्त धोका आहे का, हे पाहायला सुमारे ४८ हजार कृष्णवर्णीय सैनिकांच्या नोंदी तपासल्या. २०१६ मध्ये निष्कर्ष आला: पाणी, विश्रांती, उन्हाचे नियम सगळ्यांना सारखे लावलेल्या त्या सैन्यात वाहकांचे मृत्यू जास्त नव्हते; स्नायू फुटून मूत्रपिंडावर येण्याचा धोका मात्र जास्त होता. म्हणजे काळजी घेतली की कणखर माणूसही जगतो आणि नोकरीही करतो. सिकलसेल विदर्भात, नंदुरबारला आणि आपल्या नांदेडच्या किनवटसारख्या आदिवासी पट्ट्यात आहे. तिथली पोरंही भरतीला पळतात.

तिसरं उत्तर सगळ्यात खरं आहे, आणि त्याची मला भीती वाटते. ते मला माझ्या बहिणीनंच दिलं. ती म्हणाली, "दादा, तपासणी सक्तीची केली की ते आम्हालाच बाहेर काढतील. आकडा कमी आला, घरी जा." ती बरोबर बोलत होती. आपल्याकडं तपासणीचा अर्थच गाळणी असा होतो. म्हणून मागणी नीट मांडायला हवी. ग्राउंडच्या दिवशी तपासणी नको. अर्ज भरला त्या आठवड्यात हवी. तिच्यावर एकही गुण, एकही अपात्रता अवलंबून नको. अहवाल फक्त उमेदवाराच्या हातात द्यायचा, सोबत जवळच्या सरकारी दवाखान्याची चिठ्ठी. अर्ज आणि ग्राउंड यांच्यात बहुतेक वेळा महिने जातात. तेवढ्यात गोळ्यांनी बराच फरक पडतो.

ह्याला नवीन योजना लागत नाही. शाळेत आठवड्याला एक निळी लोहाची गोळी द्यायची योजना आहे. २०१८ पासून 'अॅनिमिया मुक्त भारत' आहे. पण बारावी सुटली, लग्न झालं नाही, गरोदर नाही, अशी अठरा-वीस वर्षांची मुलगी ह्या योजनांच्या फटीत पडते. शाळा तिला मोजत नाही आणि प्रसूती विभागही नाही. तिला मोजते फक्त भरतीची शिट्टी.

अकॅडमीवाल्यांना तर सबबच नाही. वर्षाची फी घेता, ट्रॅकसूट छापता, निवडलेल्या पोरांचे फ्लेक्स चौकात लावता. तपासणीचा खर्च ट्रॅकसूटपेक्षा कमी आहे, सरकारी दवाखान्यात तोही लागत नाही. आल्यावर एकदा आणि तीन महिन्यांनी एकदा तपासायला काय हरकत आहे? हरकत एवढीच की मग हरलेल्या पोराला 'तुझ्यात दम नाही' म्हणता येणार नाही. आणि मुलांच्या बाजूला हीच हरकत इंजेक्शनच्या रूपात येते. ऑपरेशनच्या टेबलावर पडलेला रक्तदाब वर आणायला वापरतात ते मेफेंटरमाईन राज्यात जिममधून, भरतीच्या पोरांकडून पोलिसांनी पकडलंय. पोलीस व्हायला निघालेली पोरं पोलिसांच्या छाप्यात सापडतात. रक्तात काय कमी आहे हे न बघता रक्तात काहीही घालायला आपण तयार असतो.

माझ्या बहिणीला डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. सोबत जेवणावर लिंबू, आणि चहा जेवणापासून लांब. पहिले पंधरा दिवस पोट बिघडलं, तिनं नाटकं केली, आईनं धाक दिला. चार महिन्यांनी हिमोग्लोबिन ११.९ झालं. कच्चे तांदूळ खाणं कधी बंद झालं ते तिलाही आठवत नाही. त्याच रस्त्यावर, त्याच बुटांत तिनं ८०० मीटर ३ मिनिटं ४ सेकंदांत काढलं. सगळं श्रेय गोळ्यांचं नाही, तिनं मेहनतही केली. पण मेहनत तर ती आधीही करतच होती.

ती पुढच्या भरतीची वाट बघतीय. मी एवढंच सुरू केलंय की रविवारी सकाळी ग्राउंडच्या कट्ट्यावर बसतो आणि जी मुलगी शेवटी येते तिला विचारतो, "ताई, जिना चढताना धाप लागते का? पाळी जास्त जाते का? कच्चे तांदूळ खावेसे वाटतात का?" पहिल्यांदा हसतात. मग एखादी गप्प होते. तिला मी सोमवारी सरकारी दवाखान्यात पाठवतो.

तुम्ही हे फोनवर वाचताय आणि उद्या पहाटे पळणार असाल, तर हेच तीन प्रश्न स्वतःला विचारा. उत्तर हो आलं तर उद्याचे राउंड राहू द्या, आधी रक्त द्या. आणि सरांनी कारण विचारलं, तर त्यांना हा लेख पाठवा.